उत्सवास अनुदान, संस्थेस उपास

चेन्नईतील एका मराठी मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस हजर राहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. मंडळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण इंदूर, हैदराबाद, बंगळूर, कोलकाता यांपैकी कोणत्याही गावाचे नाव घातले तरी वृत्तांतात एका अक्षराचाही फरक पडू नये, अशी आमची खात्री आहे. सभेपुढे दोन ठराव होते. पहिला असा की, महाराष्ट्राबाहेर मराठी भाषेची ज्योत तेवत ठेवणाऱ्या मंडळांस महाराष्ट्र शासनाने भरीव अनुदान द्यावे. ‘भरीव’ या शब्दावर टाळ्या पडल्या आणि ठराव एकमताने संमत झाला. दुसरा असा की, मंडळाच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन संध्याकाळी बसणाऱ्या बाईंचे मानधन निधीअभावी सहा महिने थकले आहे, सबब सभासदांची वर्गणी महिन्यास पन्नास रुपयांनी वाढवावी. या ठरावावर पाऊण तास चर्चा झाली. ग्रंथालय आठवड्यातून एकच दिवस उघडावे, अशी एक सूचना आली. हल्ली वाचतो कोण, असा एक प्रश्न आला. शेवटी ठराव उपसमितीकडे सोपविण्यात आला. उपसमितीकडे गेलेल्या ठरावांचे पुढे काय होते, हे सरकारी नोकरांस सांगावयास नको.

पहिल्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्ही होतो, आणि दुसऱ्या ठरावाच्या वेळी मान खाली घालून बसणाऱ्यांतही आम्ही होतो. तेव्हा पुढे जे काही कडू लिहिले आहे, त्याचा पहिला घोट आम्हीच घेतला आहे, एवढे प्रारंभीच नमूद करतो.

अनुदानाविषयी आपल्या लोकांत दोन मते आढळतात. पहिले मत मानी लोकांचे. त्यांचे म्हणणे असे की, सरकारचा पैसा घेतला की मिंधेपणा आलाच. सबब संस्थांनी त्यास शिवूच नये. या मताविषयी आम्हांस आदर आहे, पण ते मान्य नाही. सरकारी तिजोरीतला पैसा मंत्र्यांचा नसतो आणि सचिवांचाही नसतो. काडेपेटी विकत घेणाऱ्या हमालापासून प्राप्तिकर भरणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांनी तो भरलेला असतो. समाजाचे काम करणाऱ्या संस्थेस त्यांतून वाटा मिळाला, तर समाजाचाच पैसा समाजाकडे परत आला, असे म्हणावे लागेल. आपल्या राज्यघटनेच्या २८२ व्या अनुच्छेदाने तर यापुढेही जाऊन मोकळीक दिली आहे. प्रयोजन सार्वजनिक असेल, तर ज्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार राज्यास नाही, त्यासाठीही राज्याने अनुदान द्यावयास हरकत नाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हा महाराष्ट्राने चेन्नईतील मराठी ग्रंथालयास साहाय्य केले, तर कोणावर उपकार होत नाही आणि कोणाचा मानभंगही होत नाही.

शिवाय ही गोष्ट आपणांस नवी आहे काय? आम्ही ज्या मुलखात नोकरी करतो, त्याच्याच दक्षिणेस तंजावरात मराठ्यांनी १६७६ ते १८५५ राज्य केले. त्या राज्यात ठिकठिकाणी छत्रे होती. रामेश्वरास जाणाऱ्या वाटसरूंस तेथे अन्न व निवारा मिळे, आजाऱ्यांची शुश्रूषा होई आणि मुलांना शिक्षण मिळे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्राचे नाव आजही घेतले जाते. सरफोजीराजांनी १७९९ मध्ये राज्यकारभार इंग्रजांच्या हवाली केला. परंतु छत्रांना पूर्वीपासून तोडून दिलेले उत्पन्न तसेच चालू राहावे म्हणून १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटास आवर्जून लिहिले. वाचकांनी येथे ‘तोडून दिलेले उत्पन्न’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. छत्राच्या कारभाऱ्याने दरवर्षी अर्ज करावा, सोबत अन्नदानाचे चित्र जोडावे आणि मग मंजुरीची वाट पाहावी, अशी ती व्यवस्था नव्हती. जमिनीचे उत्पन्न ठरलेले, म्हणून रोजची चूल ठरलेली. आमच्या मुद्द्याचे बीज येथेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरे मत हक्क सांगणाऱ्यांचे. त्यांचे म्हणणे असे की, भाषा जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आम्ही कार्यक्रम करतो हेच पुष्कळ, पैसा सरकारने द्यावा. पहिल्या मतात निदान स्वाभिमान तरी आहे; या मतात तोही नाही. महाराष्ट्रातल्या ज्या संस्थांची नावे घेऊन आपण व्यासपीठावर छाती फुगवतो, त्या अशा वृत्तीतून जन्मास आल्या नाहीत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम उभे केले आणि त्यासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड नावाप्रमाणेच पैशापैशाने जमला आणि त्यांतून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. त्या दात्यांत महागाई भत्ता मिळविणारे किती होते, याचा शोध कोणी घ्यावा.

महाराष्ट्र दूर राहिला. ज्या चेन्नईत आपण राहतो, तेथील उदाहरणे घ्या. तमिळ भाषेच्या प्राचीन ग्रंथांचा उद्धार करणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रांच्या पोथ्यांसाठी गावेच्या गावे पायांखाली घातली. १९४२ मध्ये ते वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने ग्रंथालय उभे राहिले. बेझंट नगरात ते आजही आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तमिळचे अध्यासन व्हावे म्हणून साठ लाख डॉलरांचा निधी २०१८ मध्ये पुरा झाला. त्यात तमिळनाडू सरकारचे दहा कोटी रुपये आहेत हे खरे. पण आधी परदेशातल्या तमिळ डॉक्टरांनी आपली थैली मोकळी केली, जगभरच्या सामान्य तमिळ माणसांनी यथाशक्ति भर घातली, आणि मग सरकारचा हात पुढे आला. आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर तेही येथेच आहे. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांनी १९१२ मध्ये ‘मराठा एज्युकेशन फंड’ याच शहरात स्थापिला. ज्यांच्या मराठीस आपण नव्याने आलेले लोक गमतीने हसतो, त्या तंजावरी मंडळींनी गरजू मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या बळावर निधी उभारला. आपल्यापैकी कित्येकांस त्या फंडाचे नावही ठाऊक नसते. चेन्नईस बदली होऊन दुसरे वर्ष उजाडेपर्यंत आम्हांसही ते ठाऊक नव्हते.

म्हणजे संस्था लोकांनी उभारावी आणि सरकारने तिला आधार द्यावा, हा क्रम. हाच क्रम स्वतंत्र भारताच्या सरकारनेही एकदा जाणीवपूर्वक पत्करला होता, आणि त्या निर्णयाची मुळे पुन्हा याच शहरात सापडतात. दुर्गाबाईंनी मद्रासच्या मैलापुरात मुलींना हिंदी शिकविण्याच्या वर्गापासून प्रारंभ केला. त्यांतून १९३७ च्या सुमारास आंध्र महिला सभा उभी राहिली. पुढे नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्यावर, गावोगावच्या लहान सेवासंस्थांचे दुखणे काय असते हे अनुभवाने जाणणाऱ्या या बाईंनी आग्रह धरला, की समाजकल्याणाचे सर्व काम सरकारी खात्यांनी गिळंकृत करू नये. जे लोक ते काम करीत आहेत, त्यांच्या पाठीशी उभे राहावे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत अशा संस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपये ठेवण्यात आले आणि ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांचा विवाह झाला होता तो तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, आयुष्याचा मोठा भाग परमुलखात सरकारी सेवेत घालविलेले आणि तरीही कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारे चिंतामणराव आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्या मराठी नोकरवर्गाचे मुकुटमणी. अनुदान म्हणजे भीक, असे म्हणणाऱ्यांनी या दांपत्याचे स्मरण करावे. आणि अनुदान म्हणजे आयते, असे म्हणणाऱ्यांनी तर ते अधिकच करावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखकाने दोन्ही डगरींवर हात ठेवले. तसे नाही. आमचे खरे भांडण यापुढे आहे, आणि ते अनुदान द्यावे की न द्यावे याविषयी नसून, ते कशास द्यावे याविषयी आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील कारकून आहोत. अनुदानाच्या फायली आमच्या टेबलावरून पुष्कळ गेल्या आहेत. त्या अनुभवाने सांगतो, की आजच्या व्यवस्थेत ज्या गोष्टीचा फोटो निघतो, तिला पैसा मिळणे सोपे. ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही, तिला मिळणे कठीण. संमेलन, महोत्सव, कार्यशाळा, स्मरणिका, यांचा आरंभ असतो आणि शेवट असतो. तारीख असते, पाहुणे असतात, मांडवाचे बिल असते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. मांडवाचे बिल जोडले की ते प्रमाणपत्र तयार. उलट, ग्रंथालयात संध्याकाळी एक बाई दिवा लावून बसल्या, एका मुलीने श्री. ना. पेंडसे यांची कादंबरी नेली, दुसऱ्या दिवशी पाऊस पडला म्हणून कोणी आले नाही, तिसऱ्या दिवशी एका निवृत्त गृहस्थांनी जुन्या मासिकांच्या धूळ बसलेल्या फाईली पुसून दिल्या, याचे बिल कसे करावे? असे काम आवर्ती आहे. ते दरवर्षी असते, दररोज असते आणि त्याचा शेवट कधीच नसतो. आवर्ती खर्चास मंजुरी देणे म्हणजे दरवर्षाची बांधिलकी पत्करणे. आणि बांधिलकीचा वास आला की टिपणी लिहिणाऱ्याची लेखणी आखडते. आमचीही आखडली आहे. ‘प्रस्ताव अनावर्ती स्वरूपाचा असल्यास विचार करता येईल’ असा शेरा आम्ही स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो नियमास धरूनच होता. परंतु हे वाक्य लिहिल्यावर पलीकडच्या संस्थेने काय केले असेल, याचा विचार आम्ही त्या वेळी केला नाही. तिने जे करावयास हवे तेच केले असणार: ग्रंथपालाचा प्रस्ताव मागे घेतला आणि वाचन-महोत्सवाचा पाठविला.

सरकारे अशा रीतीने संस्था बंद न करताच त्यांचे रूप बदलून टाकतात. संस्था टिकावी म्हणून ती उत्सव करू लागते. मग उत्सवासाठी माणसे लागतात म्हणून ग्रंथालयाची माणसे तिकडे जातात. मग उत्सवाचे सामान ठेवावयास जागा लागते म्हणून ग्रंथालयाच्या कपाटांपुढे खुर्च्यांची चळत लागते. दहा वर्षांनी पाहावे, तो संस्थेच्या नावाखाली मांडव घालणारी एक मंडळी उरलेली असते. हिशेब चोख असतात, प्रमाणपत्रे वेळेवर गेलेली असतात, लेखापरीक्षकाचा आक्षेप नसतो. एक पैसाही कोणी खाल्लेला नसतो. आणि तरीही सर्व पैसा वाया गेलेला असतो.

उत्सवाचा पैसा संस्थेकडे वळवावा, ही मागणी करणारे आम्ही पहिले नव्हेत. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई. तो एक सोहळाच असे. पैसा वाटला जाई, जमाव पांगे, आणि पुढल्या श्रावणापर्यंत काही उरत नसे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने हा निधी एकदम बंद केला नाही. त्यांतूनच १८२१ मध्ये पुण्यास पाठशाळा निघाली. तरीही वाटप चालूच होते. १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला, की या निधीचा भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. शास्त्रीमंडळी खवळली, अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी झाली आणि मराठी ग्रंथांस उत्तेजन मिळाले. पैसा तोच, पण पूर्वी तो एका दिवसात संपे, तो आता पुस्तकांच्या रूपाने पिढ्यांपर्यंत टिकू लागला. आज आम्ही संमेलनांच्या मांडवांकडे पाहतो तेव्हा आम्हांस तो रमणा आठवतो. फरक एवढाच की, तेव्हाचे शास्त्री निदान दक्षिणेस दक्षिणा म्हणत.

याचा अर्थ उत्सव नकोत, असा कोणी करू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीस अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा परमुलखातल्या मराठी माणसास उत्साह वाटला, तो आम्हांसही वाटला. परंतु उत्सव हा घरातला सण आहे, आणि सणाला कर्ज काढून रोजच्या चुलीवर पाणी ओतणाऱ्या गृहस्थास आपण शहाणा म्हणत नाही.

रोजच्या चुलीचे गणित सरकारांस करता येत नाही, असेही नाही. १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा हा स्वतंत्र भारतातला या प्रकारचा पहिला कायदा, त्यामागे डॉ. रंगनाथन यांची दृष्टी होती. त्या कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयासाठी उपकर बसविला. आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहतो, त्याच्या मालकाच्या कर-पावतीत वाचकांसाठी ठेवलेला हा अंश असतो. म्हणजे पर्यायाने आमच्याही भाड्यात तो आला. महाराष्ट्राने १९६७ च्या आपल्या कायद्यात दुसरा मार्ग धरला. लोकांनी संस्था म्हणून चालविलेल्या ग्रंथालयांस मान्यता द्यावयाची, अ, ब, क, ड असे वर्ग पाडावयाचे, आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी परिरक्षण अनुदान द्यावयाचे. ‘परिरक्षण’ हा शब्द कोणा अनामिक भाषांतरकाराने योजला असेल, त्यास आमचा नमस्कार. सांभाळण्यासाठी पैसा, हेच तर आम्ही म्हणतो आहोत. रक्कम तुटपुंजी आहे, ग्रंथालय सेवकांस मिळणारे वेतन लाजिरवाणे आहे, वेतनश्रेणीची त्यांची मागणी वर्षानुवर्षे लोंबकळते आहे, हे सर्व खरे. पण तत्त्व बरोबर आहे. दुर्दैव एवढेच, की हा कायदा महाराष्ट्राच्या सीमेवर थांबतो. सीमेपलीकडच्या मराठी ग्रंथालयासाठी राज्याजवळ गौरवाचे शब्द असतात, प्रसंगविशेषी साहाय्यही असते. परंतु परिरक्षण हा शब्द मात्र सीमा ओलांडताना गाडीत विसरला जातो.

आणि आता तंजावरची गोष्ट. ती लिहिताना आम्हांस शरम वाटते. सरफोजीराजांनी वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह हे मराठ्यांनी दक्षिणेस दिलेले सर्वांत मोठे देणे. १९१८ मध्ये राजघराण्यातील मंडळींनी तो संग्रह लोकांसाठी सोडला, आणि तसा सोडताना त्याच्या देखभालीसाठी एक लाख रुपयांचा निधीही सोबत दिला. मद्रास सरकारने त्याची व्यवस्था लावली. पुढे १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली, १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्थेचे रूप आले, आणि सरकारी अनुदानावर ती चालत राहिली. तेथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत, मोडी दफ्तराचे शेकडो रुमाल आहेत. हे सर्व वाळवीपासून कोणी वाचविले? तमिळ करदात्याने. मोडी कागद वाचून लोकांपुढे ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कोणी हाती घेतले? तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. १९८९ मध्ये त्यांचे तमिळ भाषांतराचे खंड निघाले. आपल्या राजांचे कागद आपल्या लिपीत आहेत, आपल्या भाषेत आहेत, आणि ते समजून घ्यावयाचे तर कित्येकदा आपणांस तमिळ जाणणाऱ्या मित्राकडे जावे लागते! याबद्दल तमिळ लोकांचे जेवढे आभार मानावेत तेवढे थोडे. पण या शंभर वर्षांत महाराष्ट्रात मोडीच्या नावाने किती परिसंवाद झाले, आणि तंजावरास राहून दहा वर्षे कागद वाचील अशा किती तरुणांना आपण पोटापुरते वेतन देऊन ठेवले, या दोन आकड्यांची तुलना ज्याची त्याने मनाशी करावी.

राजघराण्याच्या वारसांस १९१८ मध्ये जे कळले, ते आपणांस आज कळत नाही. त्यांचे राज्य जाऊन साठ वर्षे लोटली होती. वैभव उरले नव्हते. तरीही त्यांनी नुसता संग्रह सरकारच्या दारात ठेवून ‘सांभाळा’ असे म्हटले नाही. आपला लाख रुपया आधी ठेवला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. आवर्ती अनुदान म्हणजे कायमचे दोर. आज सरकार पगार देईल, उद्या कोणते पुस्तक ठेवावे हे सांगेल, परवा कोणास अध्यक्ष करावे हेही सांगेल. भीती खोटी नाही. १९९९ च्या मुंबई संमेलनाच्या वेळी अनुदानावरून राज्यकर्ते आणि साहित्यिक यांच्यात जी जाहीर चकमक उडाली, ती जुन्या वाचकांस आठवत असेल. संमेलनाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून महाकोषाची कल्पना निघाली. परंतु तो कोष काही संमेलनांचा भार उचलण्याइतका भरला नाही. आमचे म्हणणे असे, की या चकमकीतून निघावयाचा धडा आपण अर्धाच काढला. ज्याच्या शंभर रुपयांपैकी शंभर रुपये सरकारचे, तो मिंधा होणारच, मग ते उत्सवासाठी असोत की ग्रंथपालासाठी. ज्याच्या शंभरांपैकी पन्नास स्वतःचे, तो उद्या सरकारने हात आखडला तर संध्याकाळी तीनऐवजी दोन दिवस दिवा लावील, पण दिवा लावील. संस्थेचे स्वातंत्र्य अनुदान नाकारण्याने राखले जात नाही आणि मागण्यानेही जात नाही. ते तिच्या वर्गणीच्या वहीत असते. म्हणून आमच्या त्या सभेतला पहिला ठराव नव्हे, तर दुसरा ठराव महत्त्वाचा होता.

मग मागावयाचे काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्या कारकुनाच्या आहेत, म्हणजे अमलात येण्याजोग्या आहेत. महाराष्ट्र शासनाने बाहेरच्या मराठी संस्थांस जे द्यावयाचे असेल, त्यांतील निदान अर्धा भाग परिरक्षणासाठी म्हणून वेगळा ठेवावा: ग्रंथपाल, मराठीचे वर्ग घेणारा शिक्षक, जागेचे भाडे, जुन्या कागदांची निगा. हा भाग तीन किंवा पाच वर्षांसाठी एकदम मंजूर करावा, म्हणजे दर मार्चअखेर संस्थेच्या जिवास घोर लागणार नाही. संस्थेने वर्गणी व देणग्या म्हणून जेवढे स्वतः जमविले असेल, त्याच्या प्रमाणात तो द्यावा; लहान संस्थेस थोडे झुकते माप असावे, पण शून्यास मात्र शून्यच मिळावे. आणि उपयोगिता प्रमाणपत्रात फोटोऐवजी एक रकाना घालावा: या वर्षी दार किती दिवस उघडे होते? हिशेबतपासणीच्या शास्त्रात हा प्रश्न बसत नसेल, तर शास्त्र सुधारावे.

ही मागणी आजच करण्याचे एक कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो २००४ मध्येच मिळाला होता; त्यांतून चेन्नईस केंद्रीय संस्था आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये पेरुंबाक्कम येथे तिची नवी वास्तू उभी राहिली. पण त्या वास्तूत ठेवावयाचे धन स्वामिनाथ अय्यरांसारख्यांनी शंभर वर्षे आधीपासून जमवून ठेवले होते. आपल्याकडेही आता पैसा येईल, योजना निघतील, अर्ज मागविले जातील. त्या वेळी आपल्या हाती अर्ज कोणत्या प्रकारचा असेल? पुन्हा एकदा तीन दिवसांच्या महोत्सवाचाच असेल, तर अभिजातपणाचा मांडवही चौथ्या दिवशी उतरेल.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. या मासिकाचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेत आहेत. आपल्यापैकी काहींच्या सहीने अनुदाने मंजूर होतात, काहींच्या टिपणीने अडतात, आणि संध्याकाळी आपणच एखाद्या मंडळाचे चिटणीस म्हणून अर्ज लिहावयास बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणारी एवढी माणसे दुसऱ्या कोणत्या समाजात असतील, असे आम्हांस वाटत नाही. अनुदानाच्या पद्धतीतला दोष ज्यांना दिसावयास हवा, आणि ज्यांनी तो बोलून दाखवावयास हवा, ते आपणच. आपली बदली होते; चार वर्षांनी आपण भोपाळास किंवा गुवाहाटीस जातो, तेथल्या मंडळाच्या सभेत पुन्हा ‘भरीव’ या शब्दावर टाळ्या वाजवितो. मागे राहते ते ग्रंथालय, आणि ज्यांची बदली होत नाही अशा त्या बाई.

उपसमितीची बैठक अद्याप बोलाविली गेलेली नाही, असे कळते. आम्ही तिची वाट पाहण्याचे सोडून दिले आहे. वाढीव वर्गणीचे वर्षाचे सहाशे रुपये मंडळाच्या खजिनदारांकडे ‘ग्रंथपाल मानधन’ असे स्पष्ट लिहवून भरले आणि पावती घेतली. आमच्या कचेरीतल्या आणखी चौघांनीही भरले. खजिनदार म्हणाले, या शीर्षाखाली खातेच नाही. आम्ही म्हटले, तर मग उघडा.